तात्यांचा घुमारा

“अजून घुमवा की, बाई,” तात्या म्हणाले.

मी पडद्यावरचं रिव्हर्बचं बटण आणखी थोडं फिरवलं. इतका वेळ तात्यांचा आवाज मंगल कार्यालयातून आल्यासारखा वाटत होता. आता तो जेवणं उरकून वऱ्हाड निघून गेलेल्या, रिकाम्या मंगल कार्यालयातून यायला लागला.

“हां. जरा बरं. अजून?”

“तात्या, अजून घुमवलं तर शब्द कळणार नाहीत.”

“शब्द कळायला तो काय सातबाराचा उतारा हाय?” तात्या म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेले संगीतकार कुंभोजे मास्तर यावर इतके हसले, की त्यांना मफलरीने डोळे पुसावे लागले. इचलकरंजीतला एप्रिल महिना होता आणि मास्तरांच्या गळ्यात मफलर होती. कलावंत माणूस. त्याला ऋतूंशी काय देणंघेणं?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा लग्न होऊन पुण्याहून नुकती इचलकरंजीत आले होते. पुण्यात ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. सासऱ्यांच्या सुताच्या गोदामाचा वरचा मजला रिकामा पडला होता, तिथे मी स्टुडिओ थाटला. भिंतींना लावायला सुताची जुनी पोती आयती मिळाली. आवाज शोषून घ्यायला त्यांच्याइतकं उत्तम काही नाही. गावाने येऊन स्टुडिओ पाहिला, कौतुक केलं, आणि “इथं हळदी-कुंकवाची कॅसेट निघंल का?” असं विचारून गाव निघून गेलं.

अशा काळात बाळगोंडा मगदूम, म्हणजे तात्या, माझा जिना चढून वर आले.

तात्या म्हणजे गावातले जुने यंत्रमागवाले. घराला लागूनच त्यांची मागांची शेड होती आणि ती त्यांनी उभा जन्म चालवली. मग मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला, अंगातली उमेद कमी झाली, आणि त्यांनी माग विकून टाकले. माग विकल्यावर लोक यात्रेला जातात, नाहीतर नगरपालिकेला उभे राहतात. तात्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ओठ दिसेनासे होतील इतक्या झुबकेदार मिशा वाढवल्या. आणि दुसरी म्हणजे ते गायला लागले.

दोन्हींपैकी मिशा बऱ्या होत्या.

गाण्याबद्दल मी काही बोलू नये. सूर ही तात्यांच्या दृष्टीने एक सूचना होती, पाळलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. पण त्यांनी स्वतः गाणी लिहिली होती, कुंभोजे मास्तरांकडून चाली लावून घेतल्या होत्या, आणि त्यांना अख्खा अल्बम काढायचा होता. “हौस,” एवढंच ते म्हणाले. मी रेकॉर्डिंग केलं. तबला, हार्मोनियम, बासरी, सगळं रीतसर झालं. आणि मग एके दिवशी माझ्या हातून रिव्हर्बचं बटण जरासं फिरलं, आणि तात्यांनी आपला घुमारा ऐकला.

न्हाणीघरात गाताना माणसाला आपण फार थोर गवई आहोत असं वाटतं, त्या चमत्काराचं नाव रिव्हर्ब. भिंतींवर आपटून परत येणारा, रेंगाळणारा आवाज. पूर्वी त्यासाठी दगडी सभागृह लागायचं. आता संगणकाच्या पडद्यावर चार गोल बटणं असतात. खोली केवढी हवी ते एका बटणाने ठरवायचं. आवाज किती वेळ रेंगाळावा, त्याला दुसरं. मूळचा कोरडा आवाज किती ठेवायचा आणि घुमलेला किती, त्याला तिसरं. चौथ्याचा उपयोग मला आजही नीट माहीत नाही, पण गिऱ्हाईक समोर असलं की मी तेही गंभीरपणे फिरवते.

रिव्हर्ब हा वरणातल्या हिंगासारखा वापरायचा असतो. तात्यांना हिंगाचं वरण हवं होतं.

पुढे काय झालं, तर त्यांनी पडद्यावर नाक टेकवून त्या घुमाऱ्याचं नाव वाचलं.

“बाई, हे ‘चर्च’ लिवलंय?”

“ते फक्त नाव आहे, तात्या. तयार मापं असतात ना शर्टांची, तसं. मोठ्या चर्चमध्ये आवाज जसा घुमतो, तसं माप.”

“आम्ही जैन माणसं. माझा आवाज चर्चात कशाला ठेवलाय?”

आमच्याकडे जैनांच्या मंदिराला बस्ती म्हणतात. मी दोन मिनिटं उगाच बटणं खुडखुडवली, चर्च हे नाव पुसून तिथे ‘बस्ती’ लिहिलं, आणि तेच गाणं, तोच घुमारा, तसाच्या तसा पुन्हा वाजवला.

तात्यांनी डोळे मिटले. “आता कसं! बघा मास्तर. कसं पवित्र वाटतंय.”

“जमीन-अस्मानाचा फरक,” कुंभोजे मास्तर म्हणाले. संगीतात त्यांचे कान फार तयार होते.

आणि गाण्यांचे शब्द? शब्द असे होते:

*हाक मारली दारातून, तू पाठमोरी राहिली*
*भात झाला का म्हणालो, भिंत नुसती पाहिली*

सगळी गाणी याच वळणाची. कुणी एक ‘तू’ आहे, तिला हा विचारतो आहे, सांगतो आहे, आणि ती काही उत्तर देत नाही. भात हा शब्द प्रेमगीतात मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी खाली मान घालून हसू दाबलं. पण मास्तरांनी अर्थ लावून ठेवला होता.

“ही पाठमोरी म्हणजे कोण, सांगा बघू मॅडम? मोक्षलक्ष्मी! जीव हाक मारतोय आणि मुक्ती वळून बघत नाही. भात म्हणजे कर्माचं फळ. शिजलं का, असं विचारतोय!”

तात्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाले, “तसंच कायतरी,” आणि मला म्हणाले, “जरा अजून घुमवा.”

मी घुमवत गेले. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले. अखेरीस असं झालं, की तात्यांनी एक ओळ गायली की ती पुढच्या ओळीवर बसायची, ती तिसऱ्या ओळीवर, आणि कडवं संपेपर्यंत सगळ्यांची मिळून एक गोधडी व्हायची. तात्या प्रसन्न होते. म्हणाले, “आता हिला आणून ऐकवतो.”

ही म्हणजे राजमतीकाकी, तात्यांची बायको.

तात्या त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, केसांना तेल लावून. मागोमाग काकी. उंच, सावळ्या, करारी चेहऱ्याच्या. इकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असं पुरुषासारखं बोलतात, हे मला नवीन होतं. पण काकींच्या तोंडी ते असं काही शोभायचं, की ‘येते’ म्हणाल्या असत्या तर खोटं वाटलं असतं. तात्यांनी त्यांना माझ्या शेजारच्या, स्पीकरसमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभे राहिले. हाताची घडी घातली. सोडली. पुन्हा घातली.

मी पहिलं गाणं लावलं, मग दुसरं, मग तिसरं.

काकींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, मी लावलेल्या लिपस्टिकचा रंग त्यांना पसंत नसावा. मध्ये एकदा त्यांनी टेबलावरचा चहा उचलून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

गाणी संपली. घुमारा संपायला आणखी थोडा वेळ लागला.

“कसं वाटलं?” मागून तात्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

काकी काही बोलल्या नाहीत.

“अगं, कसं वाटलं?”

काकींनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, “साखर लई झालीया.”

“वा!” कुंभोजे मास्तर म्हणाले. “काय मार्मिक! बासरी जरा गोड झाली आहे खरी.”

तात्यांचं तोंड मात्र बघवेना. मागांच्या शेडमध्ये आयुष्य काढलेला तो धिप्पाड माणूस, शाळेत सगळ्यांदेखत शिक्षा झालेल्या मुलासारखा दिसत होता.

“पुसून टाका,” ते मला म्हणाले.

“काय?”

“सगळं. एक बी गाणं ठेवू नका. सांगितलं न्हवं, हौस होती. भागली.” आणि ते दार उघडून बाहेर जिन्यावर गेले. मास्तर त्यांच्यामागे धावले, कारण अल्बम पुसला तर संगीतकारही पुसला जातो.

काकी होत्या तशाच बसून राहिल्या. मला त्यांचा राग आला. मी तात्यांच्या गाण्याची मनातल्या मनात इतके दिवस टिंगल केली होती, ती गोष्ट वेगळी. ती मी फुकट करत नव्हते, घुमवून देत होते. पण बायकोने असं करावं? मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, “काकी, त्यांना फार लागलं हो.”

“कशाचं?”

“गाण्यांबद्दल तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत.”

काकींनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “गाणी झाली व्हय?”

मी मान हलवून हो म्हटलं.

“मला वाटलं, तू अजून मशीन नीट करतीयास. नुसतं घों घों चाललंवतं, शेडात चालायचं तसलं.”

मी संगणकाकडे वळले आणि पुन्हा ते गाणं शोधता शोधता म्हटलं, “अहो, तात्याच गात होते त्यात.” उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं. काकी माझ्या पाठीकडे बघत होत्या.

“काय म्हणालीस? तोंड हिकडं करून बोल.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हळू, तोंड नीट हलवून विचारलं, “काकी, तुम्हाला ऐकू येत नाही?”

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

“येतंय थोडं,” त्या म्हणाल्या. “लगीन होऊन आलो तवापासून मी शेडात बसत होतो. सुताच्या कांड्या बघायच्या, कामगार बघायचे. एवढ्या आवाजात कोण कुणाचं ऐकतंय? सगळी तोंडाकडं बघूनच बोलायची. कान कधी गेले, कळलंच न्हाई. गरजच पडत नव्हती.”

“आणि तात्यांना माहीत नाही?”

“ह्यांचं तर मला सगळ्यात बेस कळायचं. शेडाच्या ह्या टोकाला हे, त्या टोकाला मी. ओठ हलले की कळायचं, सूत तुटलंय, का भूक लागलीया.” काकी थांबल्या. “मग माग विकले आन् मिशा वाढवल्या.”

मी हसले. मग माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

“काढा म्हणायचं होतं!”

“कसं म्हणू? एवढ्या हौसेनं वाढवल्यात. आन् बहिरी झालो असं सांगू? माझी सासू बहिरी होती. तिच्याशी घरात कोण बोलत नव्हतं. बोललं तर वरडून, न्हाईतर न्हाईच. ती जेवायला बसली तरी लोक तिच्याबद्दल तिच्यासमोर बोलायची.” त्यांनी पदर सारखा केला. “त्यापरीस गप बसलेलं बरं. माणसं म्हणत्यात, बाई तोऱ्याची हाय. म्हणू देत.”

कानाची एक गंमत असते, ती मला शिकवलेली होती आणि मी विसरले होते. कान अधू झाला की त्याला नुसता मोठा आवाज पुरत नाही. त्याला स्पष्ट आवाज लागतो. आणि स्पष्टपणाचा घुमाऱ्यासारखा दुसरा वैरी नाही. ज्यांना चांगलं ऐकू येतं त्यांना रिव्हर्बमध्ये देऊळ दिसतं. काकींना त्यात चालू शेड ऐकू आली. आणि एवढे दिवस ते बटण फिरवत होते मी.

मी चारही बटणं शून्यावर आणली. तबला बंद केला, बासरी बंद केली, हार्मोनियम बंद केली. उरला फक्त तात्यांचा आवाज. क, त, स ही अक्षरं जिथे ऐकू येतात तो पट्टा वर उचलला, मोठा हेडफोन काकींच्या कानांवर बसवला, आणि गाणं सुरू केलं.

काकींनी हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग त्यांचे डोळे मोठे झाले. कानात हेडफोन असलेल्या माणसाला आपण केवढ्याने बोलतो ते कळत नाही. त्यातून काकी शेडात बोलायला शिकलेल्या. त्या ओरडल्या,

“बेसूर हाईत की हे!”

जिन्यावरचं बोलणं एकदम थांबलं. दार उघडलं. दारात तात्या, त्यांच्या खांद्यावरून डोकावणारे मास्तर.

काकींचं लक्ष नव्हतं. त्या ऐकत होत्या. ओठ पुटपुटत होते. मग त्यांनी मान वर केली, तात्यांना पाहिलं आणि म्हणाल्या, “दारातून हाक? कवा मारली?”

“रोज,” तात्या म्हणाले.

काकींना ते कळलं नाही. मिशांपलीकडे काही हललं, एवढंच त्यांना दिसलं. मी मध्ये उभी राहून, ओठ नीट हलवून सांगितलं, “रोज म्हणतायत.”

कुंभोजे मास्तरांनी तोंड उघडलं. मोक्षलक्ष्मीविषयी त्यांना काही म्हणायचं असावं. त्यांनी ते परत मिटलं.

मग मी काकींसमोरच तात्यांना सांगितलं. कान, शेड, मिशा, सगळं. सांगताना काकींच्या खांद्यावर हात ठेवला होता, म्हणजे त्यांना वाटू नये की त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलतेय. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा हात आपसूक तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

“मला वाटलं,” ते शेवटी म्हणाले, “माग विकले म्हणून रागावलीया. तिला न विचारता विकले न्हवं मी.”

हेडफोनमध्ये गाणं चालूच होतं. काकींनी अचानक हात वर करून मला थांबवायची खूण केली.

“हे काय? *शेवंतीची वेणी तुझी*? कुणाची?”

“तुझी,” तात्या म्हणाले, आणि मी तेच ओठ हलवून पोचवलं.

“मी शेवंती कधी माळली? शेवंतीनं माझं डोकं उठतंय! अबोली असायची. ही शेवंतीवाली कोण?”

“अगं, लग्नात शेवंतीच होती!”

“काय म्हणतायत हे?”

असं किती वेळ मी दुभाष्याचं काम करणार? मी तात्यांचा दंड धरून त्यांना काचेपलीकडच्या खोलीत नेलं, माइकसमोर उभं केलं, आणि इकडे येऊन त्यांचा आवाज काकींच्या हेडफोनमध्ये सोडला. अगदी कोरडा. त्यावर मी काहीही लावलं नाही.

तात्यांनी घसा खाकरला. एवढी गाणी गाताना त्या माइकला ते कधी घाबरले नव्हते.

“राजमती,” ते म्हणाले. “येतंय ऐकू?”

“येतंय,” काकी म्हणाल्या. आणि लगेच, “शेवंतीचं सांगा आधी.”

मी बाहेर आले आणि दार लावून घेतलं. जिन्याच्या पायरीवर कुंभोजे मास्तर मफलर सोडून हातात घेऊन बसले होते. पहिल्यांदाच त्यांना उकडत असल्यासारखं दिसत होतं.

“आत काय रेकॉर्डिंग चाललंय?” त्यांनी विचारलं.

“भांडण.”

“कितपत चालेल?”

“माग विकल्यापासूनचं साठलंय.”

मास्तरांनी मफलर घडी घालून खांद्यावर टाकली. मग म्हणाले, “चला, खाली जाऊन चहा घेऊ. साखर कमी सांगू.”

तात्यांनी अल्बम पुसू दिला नाही. उलट सगळी गाणी नव्याने गायली. काकी समोर हेडफोन घालून बसायच्या आणि प्रत्येक ओळीला अडवायच्या. इथे वर्ष चुकलं, तिथे तुमची आई काय म्हणाली ते गाळलं, हा भात नव्हता, ते कण्या होत्या. सूर सुधारला नाही. पण पुढे काकींनी कानाचं यंत्र घेतलं, तेही तात्यांना बरोबर नेऊन, दुकानात भांडून. तात्यांनी मिशा काढल्या. खाली जो माणूस निघाला तो बराच लाजाळू होता.

अल्बम निघाला तो कोरडाच. पै-पाहुण्यांना वाटला. गावात माझी जी काही पत होती ती त्या अल्बमने गेली. ‘ह्या बाईच्या मशीनला घुमाराच न्हाई,’ असं लोक सांगत सुटले, आणि पुढचं वर्षभर गिऱ्हाइकं कोल्हापूरला गेली.

त्या वेणीच्या गाण्यात मात्र एक अडचण राहिली. काकींच्या हट्टाने शेवंतीची अबोली झाली, आणि अबोलीत एक मात्रा कमी भरते. तात्या गाताना त्या जागी अडखळतात, पोकळी राहते. कुंभोजे मास्तर म्हणाले, तिथे थोडा घुमारा सोडू, भरून निघेल.

“नको,” तात्या म्हणाले. “ती आसंना का तशीच.”